अमेरिकेतील राजदूतपदाच्या नामनिर्देशनांची छाननी

अमेरिकेतील राजदूतपदाच्या नामनिर्देशनांची छाननी ही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशातील राजदूतपदासाठी सुचवलेल्या व्यक्तीची पात्रता, आर्थिक हितसंबंध, पूर्वचारित्र्य व सुरक्षाविषयक पार्श्वभूमी तपासण्याची प्रक्रिया होय. ही प्रक्रिया व्हाइट हाउस, परराष्ट्र खाते, शासकीय नीतिमत्ता कार्यालय आणि सिनेट अशा चार ठिकाणी टप्प्याटप्प्याने पार पडते. परराष्ट्र सेवेतून पुढे आलेले व्यावसायिक मुत्सद्दी आणि सेवेबाहेरून नेमलेले राजकीय नियुक्त अशा दोन्ही प्रकारच्या उमेदवारांना ती लागू असते. मात्र व्यावसायिक मुत्सद्द्यांची अनेक वर्षांची सेवापुस्तके व गोपनीय अहवाल खात्याजवळ असतात. राजकीय नियुक्तांबाबत अशी नोंद नसल्याने छाननीचा भार प्रामुख्याने त्यांच्या प्रकरणांत जाणवतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या राजदूतांपैकी साधारणपणे ३० टक्के राजकीय नियुक्त राहिले आहेत. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक झाले. पक्षनिधीला मोठी देणगी देणारे उद्योजक, निवडणूक प्रचारातील सहकारी, माजी लोकप्रतिनिधी आणि राष्ट्राध्यक्षांचे निकटवर्तीय यांचा या वर्गात समावेश होतो. अशा उमेदवारावर गैरवर्तनाचे आरोप असल्यास, अथवा त्याने दुसऱ्याच्या गैरवर्तनाकडे डोळेझाक केल्याचा आक्षेप असल्यास, त्यांची शहानिशा कोणी, कोणत्या निकषावर आणि किती काळात करावी, हा या प्रक्रियेतील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. भारतातील राजदूतपदासाठी एरिक गार्सेटी यांचे नामनिर्देशन २०२१ ते २०२३ या काळात रखडले, ते या प्रश्नाचे ठळक उदाहरण मानले जाते.

घटनात्मक व कायदेशीर आधार

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष राजदूतांचे नामनिर्देशन करतात आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने त्यांची नियुक्ती करतात. राज्यघटनेत राजदूतासाठी कोणतीही पात्रता नमूद केलेली नाही. सिनेटने कोणत्या निकषांवर संमती द्यावी वा नाकारावी, याबाबतही घटना मौन बाळगते. त्यामुळे छाननीची बहुतेक चौकट पुढील काळातील कायदे, सिनेटचे नियम आणि रूढ संकेत यांतून घडलेली आहे.

१९८० च्या परराष्ट्र सेवा कायद्याच्या ३०४ व्या कलमात या पदाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिलेली आहेत. उमेदवाराच्या अंगी या पदाची कर्तव्ये पार पाडण्याची स्पष्टपणे सिद्ध झालेली क्षमता असावी, शक्य तेथवर संबंधित देशाच्या प्रमुख भाषेचे उपयुक्त ज्ञान असावे आणि त्या देशाचा इतिहास, संस्कृती, अर्थव्यवस्था व राजकीय संस्था यांची जाण असावी, असे हे कलम सांगते. दूतावासप्रमुखाची पदे सामान्यतः व्यावसायिक मुत्सद्द्यांना द्यावीत, बाहेरील पात्र व्यक्तींची नेमणूक प्रसंगपरत्वे करावी आणि निवडणूक निधीतील देणगी हा नेमणुकीचा घटक असू नये, अशी तरतूदही त्यात आहे. उमेदवाराची क्षमता दर्शवणारा अहवाल राष्ट्राध्यक्षांनी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीकडे पाठवावा लागतो. उमेदवाराने स्वतः व त्याच्या निकटच्या कुटुंबीयांनी नामनिर्देशनाच्या वर्षी आणि त्याआधीच्या चार वर्षांत दिलेल्या राजकीय देणग्यांचे विवरणही समितीला द्यावे लागते.

या तरतुदी मार्गदर्शक स्वरूपाच्या आहेत. त्यांचे पालन न झाल्यास नियुक्ती रद्द होत नाही. देणगी हा नेमणुकीचा घटक नसावा असे कायदा म्हणतो, परंतु देणगी देणाऱ्याची नेमणूक करण्यास मनाई करत नाही. देणगीच्या बदल्यात पदाचे उघड आश्वासन देणे हा मात्र संघराज्यीय कायद्यानुसार गुन्हा आहे.

छाननीचे टप्पे

व्हाइट हाउस व परराष्ट्र खाते

राजकीय नियुक्तांची निवड व्हाइट हाउसच्या नियुक्ती कार्यालयात होते. प्राथमिक चौकशीत उमेदवाराची सार्वजनिक वक्तव्ये, न्यायालयीन दावे, कर भरणा आणि व्यवसायातील वाद पाहिले जातात. त्यानंतर उमेदवाराला एसएफ-८६ ही राष्ट्रीय सुरक्षाविषयक दीर्घ प्रश्नावली भरून द्यावी लागते. निवासस्थाने, नोकऱ्या, परदेशी संपर्क, कर्जे, अटक व खटले, व्यसने अशा बाबींचा तपशील तीत मागितला जातो. तीत जाणीवपूर्वक खोटी माहिती देणे हा गुन्हा ठरतो. तिच्या आधारे परराष्ट्र खात्याचा राजनयिक सुरक्षा विभाग पार्श्वभूमी तपास करतो व शेजारी, सहकारी, माजी वरिष्ठ यांच्या मुलाखती घेतो. या तपासाचा अहवाल सार्वजनिक केला जात नाही.

आर्थिक बाबींसाठी उमेदवाराला १९७८ च्या शासकीय नीतिमत्ता कायद्याखाली मालमत्ता, उत्पन्न, कर्जे व पदे यांचे विवरणपत्र भरावे लागते. शासकीय नीतिमत्ता कार्यालय ते तपासते. हितसंबंधांचा संघर्ष उद्भवण्याची शक्यता असल्यास समभाग विकणे, संचालकपद सोडणे किंवा विशिष्ट निर्णयांपासून दूर राहणे यांविषयीचा लेखी करार उमेदवाराकडून घेतला जातो.

यजमान देशाची पूर्वसंमती

राजनयिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या चौथ्या अनुच्छेदानुसार राजदूत पाठवण्यापूर्वी यजमान देशाची संमती घेणे बंधनकारक आहे. तिला ‘आग्रेमाँ’ असे म्हणतात. यजमान देश ती नाकारू शकतो व त्याची कारणे देण्यास तो बांधील नसतो. नकार बहुधा जाहीर केला जात नाही. उत्तरच न देणे हा त्याचा रूढ मार्ग आहे. इस्रायलने २०१५ मध्ये ब्राझीलसाठी सुचवलेले दानी दायान यांच्याबाबत ब्राझीलने अनेक महिने उत्तर दिले नाही. अखेर २०१६ मध्ये इस्रायलने त्यांची न्यूयॉर्कमधील महावाणिज्यदूतपदी नेमणूक केली. त्याच कराराच्या नवव्या अनुच्छेदानुसार नेमणुकीनंतरही यजमान देश राजदूताला ‘अस्वीकार्य व्यक्ती’ घोषित करू शकतो.

सिनेटमधील कार्यवाही

नामनिर्देशन सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीकडे जाते. समितीचे कर्मचारी उमेदवाराची कागदपत्रे तपासतात. त्यानंतर जाहीर सुनावणी होते व सदस्य लेखी प्रश्नही पाठवतात. समितीने अनुकूल मत दिल्यावर नामनिर्देशन सभागृहापुढे येते. सुनावणी घ्यायची की नाही, हे समितीच्या अध्यक्षाच्या हाती असते. १९९७ मध्ये बिल क्लिंटन यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचे नाव मेक्सिकोसाठी सुचवले. वेल्ड यांनी त्यासाठी गव्हर्नरपदाचा राजीनामा दिला होता. समितीचे अध्यक्ष जेसी हेल्म्स हे वेल्ड यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, तरीही त्यांनी सुनावणी घेण्यास ठाम नकार दिला. सप्टेंबर १९९७ मध्ये वेल्ड यांनी माघार घेतली.

सभागृहात एखादा सदस्य नामनिर्देशनावर ‘रोख’ लावू शकतो. ही नियमबद्ध तरतूद नसून एकमताने कामकाज चालवण्याच्या प्रथेतून निर्माण झालेला संकेत आहे. रोख लागल्यास नामनिर्देशन कायमचे अडत नाही, परंतु चर्चाबंदीचा ठराव मांडून मतदान घ्यावे लागते व त्यात सभागृहाचा वेळ खर्च होतो. नोव्हेंबर २०१३ पासून अशा ठरावास ६० ऐवजी साधे बहुमत पुरते. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटने आपल्या कार्यपद्धतीत आणखी एक बदल करून मंत्रिमंडळाखालील दर्जाच्या अनेक नामनिर्देशनांवर एकत्रित मतदान घेण्याची मुभा दिली. भारतातील राजदूतपदासाठी सुचवलेले सर्जिओ गोर यांना ७ ऑक्टोबर २०२५ रोजी अशाच एका एकत्रित मतदानात शंभराहून अधिक अन्य नामनिर्देशितांसह मान्यता मिळाली. या बदलामुळे रिक्त पदे लवकर भरली जातात, असे समर्थक सांगतात. एकेका उमेदवारावर सभागृहात स्वतंत्र मत नोंदवण्याची संधी त्यामुळे उरत नाही, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

सिनेटचे अधिवेशन संपेपर्यंत निर्णय न झाल्यास नामनिर्देशन राष्ट्राध्यक्षांकडे परत जाते व ते नव्याने पाठवावे लागते. सिनेटच्या विश्रांतिकाळात राष्ट्राध्यक्ष तात्पुरती नेमणूक करू शकतात. मात्र दहा दिवसांहून कमी काळाची विश्रांती त्यासाठी सामान्यतः पुरेशी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिल्यापासून हा मार्ग अरुंद झाला आहे.

इतिहास

एकोणिसावे शतक

प्रारंभीच्या काळात अमेरिकेचे परदेशांतील प्रतिनिधी ‘मिनिस्टर’ या दर्जाचे असत. ‘राजदूत’ हा दर्जा १८९३ च्या कायद्यानंतर देण्यात आला. सिनेटने नामनिर्देशन फेटाळण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १८३२ मधील आहे. ब्रिटनमधील प्रतिनिधी म्हणून अँड्र्यू जॅक्सन यांनी नेमलेले मार्टिन व्हॅन ब्युरेन लंडनला पोहोचलेही होते. सिनेटमध्ये मते समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅलहून यांच्या निर्णायक मताने नामनिर्देशन फेटाळले गेले. हा निर्णय उघडपणे राजकीय वैरातून झाला होता. त्याचा व्हॅन ब्युरेन यांना लाभच झाला व ते पुढे उपराष्ट्राध्यक्ष आणि १८३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

पदावर असताना गैरवर्तन केल्याचे मोठे प्रकरण युलिसिस ग्रँट यांच्या काळात घडले. ओहायोचे राजकारणी रॉबर्ट शेंक यांची १८७१ मध्ये ब्रिटनमधील प्रतिनिधीपदी नेमणूक झाली. त्यांनी युटामधील एमा चांदी खाणीच्या कंपनीचे संचालकपद स्वीकारले आणि त्यांच्या नावाच्या भरवशावर ब्रिटिश गुंतवणूकदारांना समभाग विकले गेले. खाण लवकरच निरुपयोगी ठरली व गुंतवणूकदारांचे मोठे नुकसान झाले. १८७६ मध्ये शेंक यांनी पद सोडले. प्रतिनिधिगृहाच्या चौकशीत त्यांचे वर्तन अनुचित ठरवण्यात आले. मुत्सद्द्याच्या खाजगी आर्थिक हितसंबंधांची आधीच तपासणी होण्याची गरज या प्रकरणाने दाखवून दिली. तथापि अशी तपासणी कायद्याने बंधनकारक होण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

व्यावसायिक सेवेचा उदय

१९२४ च्या रॉजर्स कायद्याने राजनयिक व वाणिज्यदूत सेवा एकत्र करून गुणवत्तेवर आधारित परराष्ट्र सेवा स्थापन केली. त्यानंतरही राजदूतपदे राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीची राहिली. १९५७ मध्ये ड्वाइट आयझेनहॉवर यांनी स्त्रियांच्या कपड्यांच्या दुकानांची साखळी चालवणारे व रिपब्लिकन पक्षाचे देणगीदार मॅक्सवेल ग्लक यांचे नाव सिलोनसाठी सुचवले. सुनावणीत सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी विचारले असता ग्लक यांना सिलोनच्या पंतप्रधानांचे, म्हणजे सॉलोमन बंदरनायके यांचे, नाव सांगता आले नाही. भारताच्या पंतप्रधानांचे नाव आपणास ठाऊक आहे, पण त्याचा उच्चार करता येत नाही, असे त्यांनी सांगितले. तरीही सिनेटने त्यांना मान्यता दिली आणि त्यांनी १९५७–५८ या काळात कोलंबोत काम केले. पात्रतेविषयीचे अज्ञान उघड होऊनही नामनिर्देशन फेटाळले जात नाही, याचे उदाहरण म्हणून या सुनावणीचा उल्लेख वारंवार केला जातो.

वॉटरगेट व त्यानंतर

रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत देणगी आणि राजदूतपद यांचा संबंध न्यायालयापर्यंत पोहोचला. त्रिनिदाद व टोबॅगो येथील राजदूत जे. फाइफ सिमिंग्टन यांना एक लाख डॉलरच्या देणगीच्या बदल्यात युरोपातील राजदूतपदाचे आश्वासन दिल्याबद्दल निक्सन यांचे खाजगी वकील हर्बर्ट काल्मबाख यांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. जमैकातील राजकीय नियुक्त राजदूत व्हिन्सेंट द रूले यांनी १९७३ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सांगितले की, बॉक्साइट उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा मुद्दा न उपस्थित केल्यास अमेरिका निवडणुकीत हस्तक्षेप करणार नाही, असा समझोता त्यांनी मायकेल मॅन्ली यांच्याशी केला होता. जमैकाने त्यांना अस्वीकार्य व्यक्ती घोषित केले. १९७८ चा नीतिमत्ता कायदा आणि १९८० चा परराष्ट्र सेवा कायदा या अनुभवांच्या पार्श्वभूमीवर संमत झाले.

लॉरेन्स प्रकरण

कॅलिफोर्नियातील हॉटेल व्यावसायिक व डेमोक्रॅटिक पक्षाचे मोठे देणगीदार लॅरी लॉरेन्स हे १९९४ पासून स्वित्झर्लंडमधील राजदूत होते. जानेवारी १९९६ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले व त्यांना आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत विशेष सवलतीने दफन करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात आपण व्यापारी नौदलात होतो आणि जहाजावरील पाणतीर हल्ल्यात जखमी झालो, असा त्यांचा दावा होता. त्या काळात ते शिकागोतील एका महाविद्यालयात शिकत असल्याचे १९९७ मध्ये उघड झाले. डिसेंबर १९९७ मध्ये त्यांचे अवशेष आर्लिंग्टनमधून हलवण्यात आले. जुन्या नोंदी पाहून पडताळता येण्याजोगा दावा नेमणुकीच्या वेळच्या छाननीत अडला नव्हता, ही बाब या प्रकरणाने समोर आणली.

लक्झेंबर्ग दूतावास

बराक ओबामा यांच्या निधिसंकलनात सहभागी असलेल्या सिंथिया स्ट्रूम यांची २००९ मध्ये लक्झेंबर्गमधील राजदूतपदी नेमणूक झाली. परराष्ट्र खात्याच्या महानिरीक्षकांनी फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दूतावासातील वातावरण दडपशाहीचे व वैरभावाचे असल्याचे नमूद केले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मुदतीपूर्वी बदल्या मागितल्या आणि काहींनी काबूल व बगदादला जाण्याची तयारी दाखवली, असेही त्यात म्हटले होते. अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वीच, जानेवारी २०११ मध्ये, स्ट्रूम यांनी राजीनामा दिला होता. छाननी सदोष राहिल्यास किंवा उमेदवाराचा हाताखालच्या लोकांशी असलेला व्यवहार तपासला न गेल्यास त्याचे परिणाम प्रथम दूतावासातील कर्मचाऱ्यांना भोगावे लागतात, हे या अहवालातून दिसते.

गार्सेटी यांचे नामनिर्देशन

आरोप

जो बायडेन यांनी ९ जुलै २०२१ रोजी लॉस एंजेलिसचे महापौर एरिक गार्सेटी यांचे नाव भारतातील राजदूतपदासाठी जाहीर केले. त्यापूर्वी, जुलै २०२० मध्ये, महापौरांच्या सुरक्षा पथकातील एका पोलीस अधिकाऱ्याने शहराविरुद्ध दावा दाखल केला होता. महापौरांच्या एका वरिष्ठ सल्लागाराने आपला वारंवार लैंगिक छळ केला आणि काही प्रसंगी महापौर तेथे उपस्थित असूनही त्यांनी हस्तक्षेप केला नाही, असा त्याचा आरोप होता. संबंधित सल्लागाराने आरोप नाकारले. गार्सेटी यांच्यावर स्वतः छळ केल्याचा आरोप नव्हता. आपल्या कार्यालयात काय चालले आहे हे त्यांना ठाऊक होते का, हा वादाचा मुद्दा होता.

१४ डिसेंबर २०२१ रोजी परराष्ट्र संबंध समितीपुढे झालेल्या सुनावणीत गार्सेटी यांनी असे कोणतेही वर्तन आपल्या निदर्शनास आले नसल्याचे सांगितले. तसे आढळले असते तर ते तत्काळ थांबवले असते, अशी त्यांची भूमिका होती. १२ जानेवारी २०२२ रोजी समितीने नामनिर्देशनास अनुकूलता दर्शवली. गार्सेटी यांच्या माजी संपर्क संचालिकेने मात्र त्यांची साक्ष असत्य असल्याचा आरोप करून जागल्यांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेमार्फत सिनेट सदस्यांशी संपर्क साधला.

दोन चौकशा, दोन निष्कर्ष

शहराने नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत आरोपांना पुष्टी मिळाली नव्हती. आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांनी नामनिर्देशनावर रोख लावून स्वतंत्र चौकशी हाती घेतली. त्यांच्या कर्मचाऱ्यांनी अनेक साक्षीदारांच्या मुलाखती घेतल्या. मे २०२२ मधील त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, सल्लागाराच्या वर्तनाची गार्सेटी यांना माहिती होती किंवा असायला हवी होती, ही शक्यता अधिक आहे. व्हाइट हाउसने हा अहवाल पक्षपाती असल्याचे म्हटले व नामनिर्देशन मागे घेण्यास नकार दिला.

या दोन निष्कर्षांतील अंतरामागे पुराव्याच्या निकषाचा प्रश्न होता. फौजदारी खटल्यात लागणारा संशयातीत पुरावा येथे कोणीही मागितला नव्हता. उमेदवाराला प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध व्हावे, की पदाच्या जबाबदारीमुळे ती असायला हवी होती एवढे पुरेसे मानावे, याविषयी सिनेटचा कोणताही नियम नाही. प्रत्येक सदस्याने आपापल्या विवेकाने निर्णय घ्यायचा असतो.

मतदान

डेमोक्रॅटिक पक्षातही एकमत नसल्याने २०२२ मध्ये सभागृहात मतदान झाले नाही आणि ३ जानेवारी २०२३ रोजी नामनिर्देशन परत गेले. त्याच दिवशी बायडेन यांनी ते पुन्हा पाठवले. ८ मार्च २०२३ रोजी समितीने ते १३ विरुद्ध ८ मतांनी संमत केले. १५ मार्च २०२३ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४२ मतांनी मान्यता दिली. मेझी हिरोनो, मार्क केली व शेरॉड ब्राउन या तीन डेमोक्रॅटिक सदस्यांनी विरोधात मत दिले, तर सात रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने मत दिले. बाजूने मत देणाऱ्या रिपब्लिकन सदस्यांपैकी काहींनी भारतातील राजदूतपद आणखी रिक्त ठेवणे परवडणारे नाही, असे कारण दिले. गार्सेटी यांचा शपथविधी २४ मार्च २०२३ रोजी झाला आणि मे महिन्यात त्यांनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांना आपली अधिकारपत्रे सादर केली. ते जानेवारी २०२५ पर्यंत पदावर होते.

रिक्त पदाचे परिणाम

केनेथ जस्टर यांनी जानेवारी २०२१ मध्ये पद सोडल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ नवी दिल्लीत अमेरिकेचा पूर्णवेळ राजदूत नव्हता. या काळात अतुल केशप, पॅट्रिशिया लसिना व एलिझाबेथ जोन्स यांच्यासह अनेक प्रभारी राजदूतांनी दूतावासाचा कारभार पाहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाशी असलेल्या भारताच्या संबंधांवरून दोन्ही देशांत संवेदनशील चर्चा चालू असतानाही पद रिक्तच होते. करोना साथीनंतर मुंबईसह भारतातील अमेरिकी वाणिज्य दूतावासांत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी दोन वर्षांहून अधिक प्रतीक्षा करावी लागत होती. या विलंबाचे मूळ साथीच्या काळातील अनुशेषात व कर्मचाऱ्यांच्या तुटवड्यात होते. तथापि अशा प्रश्नांचा वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा करण्याचे वजन प्रभारी अधिकाऱ्याला नसते, असे मत त्या काळात मांडले गेले.

इतर देशांतील पद्धती

ब्रिटन

ब्रिटनमध्ये राजदूतांच्या नियुक्तीला संसदेची संमती लागत नाही व बहुतेक राजदूत परराष्ट्र सेवेतील असतात. डिसेंबर २०२४ मध्ये पीटर मँडेल्सन यांची वॉशिंग्टनमधील राजदूतपदी झालेली निवड हा अपवाद होता. वॉशिंग्टनला सेवेबाहेरील राजकीय व्यक्ती पाठवण्याचे त्याआधीचे उदाहरण १९७७ मधील पीटर जे यांचे होते. मँडेल्सन यांना यापूर्वी दोनदा मंत्रिपद सोडावे लागले होते. १९९८ मध्ये सहकारी मंत्र्याकडून घेतलेले गृहकर्ज हे त्याचे कारण ठरले, तर २००१ मध्ये हिंदुजा बंधूंपैकी एकाच्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जाविषयीचा वाद. दुसऱ्या प्रकरणातील अधिकृत चौकशीत त्यांनी गैरकृत्य केल्याचे आढळले नाही.

जेफ्री एपस्टीन या लैंगिक गुन्ह्यांतील दोषी व्यक्तीशी मँडेल्सन यांचे असलेले संबंध नेमणुकीच्या वेळी सर्वज्ञात होते. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईमेलमधून त्या संबंधांची खोली अधिक असल्याचे दिसून आले व ११ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर परराष्ट्र कार्यालयाने हाऊस ऑफ कॉमन्सच्या परराष्ट्र व्यवहार समितीला कळवले की, निवड जाहीर होण्यापूर्वीची पडताळणी मंत्रिमंडळ कार्यालयाने केली होती आणि सुरक्षाविषयक तपासणी निवड जाहीर झाल्यानंतर पार पडली. जाहीर घोषणा आधी व तपासणी नंतर, हा क्रम टीकेचा विषय झाला.

भारत

भारतात राजनयिक प्रतिनिधित्व हा संघसूचीतील ११ व्या नोंदीखालील विषय असून राजदूत व उच्चायुक्तांची नेमणूक केंद्र सरकार करते. संसदेची संमती आवश्यक नाही. बहुसंख्य राजदूत भारतीय परराष्ट्र सेवेतील असतात. परंतु सेवेबाहेरील व्यक्तींना पाठवण्याची परंपरा स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. विजयालक्ष्मी पंडित यांनी मॉस्को व वॉशिंग्टन येथे राजदूत म्हणून काम केले. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश मोहम्मद करीम छागला हे १९५८ ते १९६१ या काळात, तर मुंबईतील ख्यातनाम विधिज्ञ नानी पालखीवाला हे १९७७ ते १९७९ या काळात अमेरिकेतील राजदूत होते.

राजकीय नियुक्तीतील गैरव्यवहाराच्या आरोपाचे भारतातील आरंभीचे उदाहरण म्हणजे १९४८ चे जीप प्रकरण. लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जीपगाड्या खरेदी करताना रूढ कार्यपद्धती डावलल्याचा आक्षेप संसदेत घेतला गेला. १९५५ मध्ये सरकारने हे प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले व पुढील वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. भारतात अशा नेमणुकांसाठी कायद्याने ठरवलेली सार्वजनिक छाननीची प्रक्रिया नाही. संसदेची परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समिती खात्याच्या मागण्या व धोरणे तपासते, व्यक्तींच्या नेमणुका नव्हे.

टीका व मूल्यमापन

अमेरिकी छाननी पद्धतीवर परस्परविरोधी दिशांनी टीका होते. पहिल्या मतानुसार ती फार सैल आहे. तिचा पाया उमेदवाराने स्वतः दिलेल्या माहितीवर उभा असतो आणि पार्श्वभूमी तपासात सुरक्षाविषयक धोक्यांना जितके महत्त्व मिळते तितके हाताखालच्या लोकांशी असलेल्या वागणुकीला मिळत नाही. तक्रारदार कर्मचाऱ्याला आपले म्हणणे मांडण्यासाठी निश्चित मार्ग नसतो. त्याला एखाद्या सिनेट सदस्याचा किंवा वृत्तपत्रांचा आधार घ्यावा लागतो व त्यामुळे त्याची तक्रार लगेच पक्षीय वादात ओढली जाते.

दुसऱ्या मतानुसार ही पद्धत अन्यायकारक व संथ आहे. सिद्ध न झालेल्या आरोपाचे उत्तर उमेदवाराला महिनोन्‌महिने द्यावे लागते आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी त्याला नसते. रोख लावण्याचा अधिकार गैरवर्तनाशी संबंध नसलेल्या कारणांसाठीही वापरला जातो. लक्झेंबर्गसाठी १९९७ मध्ये सुचवलेले जेम्स हॉर्मेल यांचे नामनिर्देशन ते समलिंगी असल्याच्या कारणावरून काही सदस्यांनी अडवून धरले. १९९९ मध्ये क्लिंटन यांनी त्यांची विश्रांतिकाळात नेमणूक केली. छाननीच्या नावाखाली पूर्वग्रहही रेटता येतो, याचे हे उदाहरण मानले जाते.

अमेरिकी परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांच्या संघटनेने २०१४ मध्ये दूतावासप्रमुखाच्या अंगी असाव्यात अशा गुणांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नेतृत्व व आंतरव्यक्तिक कौशल्ये, यजमान देशाची जाण, व्यवस्थापनक्षमता आणि धोरणाची समज यांचा त्यांत समावेश होता. हॉटेल व्यावसायिक जॉर्ज त्सुनिस यांच्या जानेवारी २०१४ मधील सुनावणीमुळे त्या वेळी हा विषय चर्चेत आला होता. नॉर्वे ही राजेशाही असताना त्यांनी तेथील ‘राष्ट्राध्यक्षां’चा उल्लेख केला आणि सत्तेत सहभागी असलेल्या एका पक्षाला त्यांनी किरकोळ गट ठरवले. त्या वर्षअखेर त्यांचे नामनिर्देशन मागे पडले. पुढे २०२२ मध्ये ते ग्रीसमधील राजदूत झाले. उमेदवाराच्या क्षमतेविषयीचे अहवाल त्यानंतर सार्वजनिकरीत्या उपलब्ध होऊ लागले. पार्श्वभूमी तपासाचे निष्कर्ष मात्र गोपनीयच राहिले आहेत.